अमावास्येची सुई

मामा,

काल अमावास्या होती. तुम्ही गेल्यानंतरची पहिली. आणि लोक तुमच्या दारात आलेच.

मला वाटलं होतं, येणार नाहीत. सगळ्या गावानं तुम्हाला मातीत ठेवून हात झाडले, आता दवाखाना बंद झाला हे कळायला काय शिकलेलं असावं लागतं? पण ओट्यावर ऊन आलं तशी माळ्याच्या गल्लीतली शेवंताबाई आली, आणि तिच्यामागं पदर ओढून तिची सून रेखा. रेखाच्या कपाळावर जुनी खोक आहे. चुलीजवळ मिरगीचा झटका येऊन पडली होती, तेव्हाची.

"डॉक्टरसाहेब गेले हे ठाऊक हाय वो," शेवंताबाई मामीला म्हणाली. "पण पेटी तं घरातच हाय नं? सुई बी असन तिच्यात. आज चुकली तं पुढची अमावास्या येईपर्यंत आमचा जीव टांगणीले." मग माझ्याकडे वळली. "तू तं बीएस्सी झालेली. शाळेत पोरं शिकवतेस. तूच टोच नं एक."

तुमची पेटी खुंटीवर होती. माझी धाकटी बहीण सुजाता, आपली सुजी, कोपऱ्यात सुपात ज्वारी निवडत होती, डाव्या हातानं. तिनं मान वर केली नाही.

मी म्हटलं, "बसा काकू. चहा ठेवते."

चहाला आधण येईपर्यंत मी तुमच्याशी भांडले. मनातल्या मनात, पातेल्यात बघत. जिवंत असताना तुम्ही माझ्यापुढून उठून जायचात. आता कुठं जाल? म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. स्मृतिलेखात माणसाचं बरंच लिहायचं असतं म्हणे. तसं लिहिणारे पुष्कळ आहेत तुम्हाला. माझं वेगळं आहे.

विहारात पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. कोणी म्हणालं, असा हलका हात पंचक्रोशीत नाही. कोणी म्हणालं, सुई कधी गेली आन कधी निघाली, कळतच नव्हतं. म्हातारे रडले. मग मला उभं केलं, कारण घराण्यात पहिली पदवी माझी. मी म्हटलं, "मला कॉलेजात मामांनी घातलं." आणि खाली बसले. लोकांना वाटलं, पोरीचा गळा दाटला. गळा कसला दाटतो? दात आवळले होते मी.

हलका हात! या दोन शब्दांवर तुम्ही आयुष्य काढलं.

आधी तुमचं देणं सांगते, म्हणजे पुढं मला कोणी कृतघ्न म्हणायला नको. सुजीला पहिली फिट आली ती कापूस वेचताना. मी तेव्हा शाळेत होते, ती माझ्याहून लहान. धुऱ्यावर पडली, डोळे फिरले, तोंडाला फेस. बाया धावल्या. एकीनं नाकाला चप्पल लावली, एकीनं मुठीत किल्ल्या कोंबल्या, एक म्हातारी दातांत विळ्याची मूठ घालायला निघाली. दुसरी म्हणाली, बाहेरचं हाय, उटनूरकडच्या जाणत्याकडं न्या. तेवढ्यात तुम्ही सायकल टाकून धावत आलात. चप्पल अशी भिरकावली की ती पऱ्हाटीत जाऊन पडली.

"माणूस हाय ते, भूत नाही!" तुम्ही ओरडलात. "सरका. वारा येऊ द्या. तोंडात काई घालू नका."

सुजीला कुशीवर वळवलं. मानेखाली तुमचा रुमाल. झटका आपला आपण थांबेपर्यंत तुम्ही तिच्याजवळ बसून राहिलात, हात नुसता खांद्यावर. ती शुद्धीवर आली तेव्हा म्हणालात, "काई नाही झालं, माय. झोप आली होती तुले."

ते मी पाहिलं होतं. तो माणूस मला माहीत आहे. म्हणून तर राग जास्त आहे. तो माणूस कुठं गेला, ते मला तुमच्याकडून हवं होतं.

आदिलाबादच्या एका खाजगी दवाखान्यात तुम्ही वॉर्डबॉय होता. तिथं बघून बघून टोचायला शिकलात आणि पेटी घेऊन गावात परतलात. आपल्याकडे अशा माणसाला आरएमपी म्हणतात आणि डॉक्टर समजतात. ताप, जुलाब, विंचू, सगळ्यांवर तुम्ही. खरं सांगते, मला तुमचा अभिमान होता. ज्यांच्या शेतात आजीनं निंदण केलं, त्यांच्या दारात मामाला "या डॉक्टरसाहेब" म्हणत होते. आपल्या घरचं पाणी न पिणारे आपल्या घरची सुई घेत होते.

पण मिरगीवाले तुमच्याकडे यायला लागले, आणि अमावास्या मागच्या दारानं घरात आली.

आपण कोण, मामा? दीक्षा घेतलेली माणसं. आजोबांनी देव्हारा विहिरीत बुडवला, त्याची गोष्ट तुम्हीच आम्हाला रंगवून सांगायचात. पौर्णिमेला विहारात तुम्ही भाषण द्यायचात, अंगारे-धुपारे सोडा, गंडे-दोरे तोडा. आणि महिन्याच्या अमावास्येला तुमच्याच ओट्यावर मिरगीवाल्यांची रांग. एकेकाला सुई. पुढच्या अमावास्येपर्यंत बिनघोर. आमचे लोक देवाचा गंडा बांधायचे, तुम्ही औषधाचा बांधला. फरक काय? गंड्यानं निदान शीर जळत नाही.

मी कॉलेजला जायला लागल्यावर एकदा विचारलंच होतं.

"मामा, आपण अमावास्या सोडली नं?"

"सोडली."

"मग हे लोक काऊन अमावास्येले येते?"

"मी नाही बोलावत. ते भेतेत, म्हणून येते. अमावास्येले फिट येते असं त्यायले वाटते. मी सुई दिली का त्यायची भीती जाते. त्यात माझं काय बिघडलं?"

"आन औषधाचं? ते रोज घ्यायचं अस्ते. गोळी. एका दिवसाच्या सुईनं महिना कसा निघन?"

तुम्ही हसलात. मामीला हाक मारलीत. "आईक वो! तुही भाची सायन्स झाली. आता मले पेटी धरायले लावन." मामी हसली. मीही हसले, कारण तुम्ही हसवायचात छान. पण उत्तर दिलं नव्हतं तुम्ही. आजपर्यंत दिलं नाही.

सुजीच्या गोळ्या तुम्हीच बंद केल्या. सरकारी दवाखान्यातून लिहून दिलेल्या होत्या, चांगल्या चालल्या होत्या. हिरड्या थोड्या सुजायच्या, कधी सुस्ती यायची, पण फिट येत नव्हती. तुम्ही मायला समजावलं: "अक्का, गोळ्याचं पाकीट घरात दिसलं का पोरीचं लगन मोडते. पाहुण्यायची नजर पहिले फळीवर जाते. सुई कोणाले दिसते?" माय तुमची मोठी बहीण, पण तुमच्या शब्दापुढं लहान. पाकिटं चुलीत गेली. गोळ्या अशा एकदम तोडल्या की फिट उसळून परत येते, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं? तुम्ही कोणाला विचारलं होतं?

फिट परत आल्या. मग सुजीही रांगेत. सख्खी भाची म्हणून तिला पहिली बसवायचात, एवढाच मान. आधीच्या सुया दंडात, कमरेत. दुखायचं, गाठ यायची, जिरायची. मग एका अमावास्येला तुम्ही ठरवलं, भाचीला आज शिरेतून देऊ, लवकर लागेल.

मी सुट्टीला घरी आले होते. भर दुपार. सुजीला सकाळी एक फिट येऊन गेली होती. येऊन गेली होती, मामा, थांबली होती. पोरगी उठून बसली होती, केस विंचरत होती. तिला सुईची गरजच नव्हती. ही औषधं चालू झटका थांबत नसेल तेव्हासाठी, दवाखान्यात, यंत्रं आणि माणसं जवळ असताना. हे मला नंतर कळलं. तुम्हाला कळायला हवं होतं, पेटी तुमच्या हातात होती.

तुम्ही तिचा उजवा हात घेतलात. पंज्यावरची, बोटांच्या मागची ती बारीक शीर. चापट मारून वर आणलीत. सुई घातलीत आणि दट्ट्या दाबलात, तुमच्या त्या नावाजलेल्या हातानं, एका दमात.

"मामा, जळते!"

"होते थोडंसं."

"लय जळून राह्यलं मामा, काढा!"

"जळते म्हणजे औषध लागून राह्यलं. भारी औषध जळतेच. झालं, पाय, निघाली बी."

निघाली. सगळं आत सोडून निघाली. ओट्यावर बसलेली एक बाई म्हणाली, "पाह्य, केवढा हलका हात!" तुम्ही कापसाचा बोळा दाबलात आणि पुढच्याला बोलावलंत. मी तिथंच उभी होते. सुजी हात झटकत होती, फुंकर मारत होती, जसं तव्यावर भाजलं असावं. तिनं तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. शरीर सांगत होतं की थांबा. पण आपल्या गावचा कायदाच असा की औषध कडू असेल तर गुणकारी, सुई झोंबली तर भारी. तुम्ही हा कायदा मोडायला हवा होता. चप्पल भिरकावली तसा. त्याऐवजी तुम्ही त्यावर दुकान चालवलं.

संध्याकाळपर्यंत पंजा सुजला. सकाळी निळा, मग जांभळा, वांग्यासारखा चकचकीत, बोटं मिटेनात, कातडीवर फोड. तुम्ही येऊन बघितलंत आणि म्हणालात, "गरमी हाय मिरगीची. बाहेर पडून राह्यली. चांगलं झालं." मायनं हळद लावली. मी पहिली बस धरली. तुम्हीही बसमध्ये चढलात, ते मी विसरत नाही. तुम्ही पळाला नाहीत. पण सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत आलात, आणि सुजी माझ्या मांडीवर हात ठेवून कण्हत होती.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तेलुगू होते, हिंदीतून बोलले. हात बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. "फेनिटॉइन दिया किसीने? नस में? किसने दिया?"

तुम्ही माझ्या शेजारी उभे होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन. बाहेरच्या बाकावरचे अर्धे पेशंट तुम्हाला ओळखत होते.

मायनं माझं मनगट दाबलं. मराठीत कुजबुजली, "भाऊ हाय माहा. नाव नको घेऊ."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तुम्ही म्हणालात, "गाँव में कोई आरएमपी है साब. नाम मालूम नहीं."

मी तुमच्याकडे बोट केलं. "ये. मेरे मामा."

बस, एवढंच बोलले मी. त्यानंतर डॉक्टरांनी तुम्हाला भिंतीकडे उभं करून जे सांगितलं, ते तुम्ही मान खाली घालून ऐकलंत, आणि मी मान वर करून. मला अजून पाठ आहे. फेनिटॉइन, हे मिरगीचं औषध, धुण्याच्या सोड्यासारखं जहाल असतं. बारीक शिरेतून बाहेर पाझरलं की आतलं मांस जाळतं. द्यायचंच तर मोठ्या शिरेत, आधी नुसतं सलाईन सोडून शीर धड आहे का बघायचं. ग्लुकोजच्या बाटलीत कधी मिसळायचं नाही, त्याचे खडे धरतात. आणि हळू द्यायचं, फार हळू, नाडीवर बोट ठेवून, कारण घाईनं दिलं तर काळीज बंद पडू शकतं. रोगी जळतं म्हणाला की हात थांबला पाहिजे. "लडकी का नसीब, सिर्फ हाथ गया," ते म्हणाले.

सिर्फ हाथ.

बसस्टँडवर तुम्ही गाठलंत मला.

"डॉक्टरपुढं मामाचं नाव घेतलं तू."

"तुमी नाही घेतलं, म्हणून मी घेतलं."

"तुले कॉलेजात कोण घातलं?"

"तुमीच. तिथंच शिकली खरं सांगायचं."

"असं? मामाची गवाही द्यायचं बी शिकवतेत काय बीएस्सीत?"

आणि तुम्ही दुसऱ्या बसनं गेलात. त्यानंतर कित्येक वर्षं तुमच्या तोंडी मला नाव नव्हतं. "ती शिकलेली." माझ्या लग्नात तुम्ही आलात, अक्षता टाकल्यात, जेवलात, आणि माझ्या नवऱ्याला म्हणालात, "सांभाळून राह्यजा जावईबापू, बयान लवकर देते." लोक हसले. तुमचं असंच होतं. ज्या गोष्टीची लाज वाटायला पाहिजे, तिचा विनोद करून मोकळे.

पेटीतून ते औषध मात्र तुम्ही काढलं नाही. तोच माल, तीच रांग. फक्त शिरेतून देणं सोडलंत, परत कमरेत. म्हणजे काहीतरी कळलं होतं तुम्हाला. पण जे कळलं ते तोंडानं सांगितलं असतं, तर ओट्यावरची रांग दवाखान्याकडे गेली असती. मग तुम्हाला "या डॉक्टरसाहेब" कोण म्हणणार?

सुजीचा पंजा बरा झाला, म्हणजे मेला नाही. कातडी काळवंडली, दोन बोटं आकडीसारखी वळून राहिली. तिला शिक्षिका व्हायचं होतं, अक्षर मोत्यासारखं. डाव्या हातानं पुन्हा गिरवायला लागली, माझ्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांसोबत बसून. आता अंगणवाडीत आहे. रोज गोळी घेते. इतक्या वर्षांत फिट नाही. गोळीनं जे होतं ते गोळीनंच होतं, मामा. एवढी सोपी गोष्ट होती.

आणि तरी तीच तुमच्या घरी भाकर घेऊन यायची. मामी आजारी असली की तुमचे कपडे धुवायची, त्याच हातानं. मी तिच्यावर चिडायचे. ती म्हणायची, "ताई, त्यायनं मारायले थोडी टोचली होती? वाचवायलेच टोचली होती." मी म्हणायचे, वाचवणाऱ्यानं शिकावं. ती म्हणायची, "कोण शिकवत होतं त्यायले?" तिचं आणि माझं हे भांडण अजून मिटलं नाही. तुमच्यामुळे आम्हा बहिणींतही एक गाठ राहून गेली, तीही हिशेबात धरा.

एक गोष्ट मात्र मला तुम्ही गेल्यावर उमगली. गावकऱ्यांनी हलक्या हाताचं कौतुक चालवलं होतं तेव्हा, विहारात बसल्या बसल्या.

मी लहान असताना तुम्ही मला पाटलाच्या वाड्यावर घेऊन गेला होता. पाटलीणबाईंना ताप होता. त्या आत, उंबऱ्याजवळ खाटेवर. तुम्ही बाहेर, ओट्याच्या पायरीवर. तिथून वाकून तुम्ही सुई दिलीत. बाईनं तोंड फिरवलं होतं, अंग चोरलं होतं. दंडाला तुमची बोटं लागली न लागली, सुई आत, सुई बाहेर, तुम्ही मागं. त्यांच्या सुनेनं लगेच दंडावर पाणी ओतलं. ताप चढलेल्या बाईच्या दंडावर थंड पाणी. ती सुईनं नाही शहारली, पाण्यानं शहारली. परत येताना तुम्ही त्याची नक्कल करून मला पोट धरून हसवलं होतं.

तुमचा हात असाच हलका झाला, मामा. तुमचा स्पर्श लोकांना जितका कमी वेळ सोसावा लागे, तितकं तुमचं नाव मोठं. घाई तुम्हाला दवाखान्यानं नाही शिकवली, त्या पायऱ्यांनी शिकवली. आणि लोक तिला कसब म्हणाले.

हे मला कळलं आणि क्षणभर मी तुमच्या बाजूची झाले. खोटं कशाला सांगू. पण लगेच दुसरी गोष्ट आली आणि पहिलीला खाऊन गेली: सुजी तर आपलीच होती. तिच्या दंडावर कोणी पाणी ओतणार नव्हतं. तिचा हात तुम्ही कितीही वेळ धरून बसला असता तरी ती अंग चोरणार नव्हती. धुऱ्यावर बसला होता तसे. तिथं तुम्हाला घाई कसली होती?

याचाही तुम्ही विनोद केला असता. मला माहीत आहे.

आता तुमच्या शेवटाचं. तुम्हाला लकवा मारला. तुम्हाला आदिलाबादला त्याच सरकारी दवाखान्यात नेलं. सगळ्यांना वाटलं, शिकलेली येणार नाही. मी आले. तुमच्यासाठी नाही, तिथं तेलुगूत भांडणारं कोणीतरी लागतं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हालाच फिट आली. तुमचे डोळे फिरलेले, तोंडाला फेस, एक बाजू लुळी आणि दुसरी खाटेवर आपटतेय. मी तुम्हाला कुशीवर वळवलं. तुमच्याकडूनच शिकले होते.

थांबली आणि लगेच पुन्हा आली. मग डॉक्टरांनी सुई सांगितली. तीच.

नर्स तेलुगू मुलगी, लहानशी, रेखाच्या वयाची. तिला घाई नव्हती. कोपराजवळची मोठी शीर शोधली. आधी नुसतं सलाईन सोडून बघितलं. मग बाटलीत औषध, आणि नळीची चाकी इतकी आवळली की थेंब मोजता यावा. यंत्राची पट्टी छातीला. नाडीवर बोट. सुजीनं तुमचा कोपर हलू नये म्हणून धरून ठेवला होता, उजव्या हातानं, त्या काळ्या पंज्यानं. झटके थांबले होते, तुम्ही अर्धवट शुद्धीत होता.

नर्स वाकली. "मंटगा उंदा, ताता?"

जळतंय का, आजोबा? एवढंच विचारलं तिनं. हा प्रश्न विचारायला किती शिकावं लागतं, मामा?

तुमचं तोंड वाकडं झालेलं, शब्द नीट फुटत नव्हते. तुम्ही बाटलीकडे बघितलंत. मग खाली, कोपराकडे. आणि म्हणालात, "मेल्लगा, अम्मा. मेल्लगा."

हळू, बाई. हळू.

माझ्या अंगावर काटा आला. कौतुकानं नाही. रागानं. म्हणजे ठाऊक होतं! भिंतीशी उभं राहून ऐकलेलं एक अक्षर तुम्ही विसरला नव्हता. आयुष्यभर पोटात ठेवलंत, आणि काढलंत ते स्वतःच्या शिरेची वेळ आल्यावर. सुजी म्हणते, "नाही ताई. ते माह्या हाताकडं पाहून बोलले. मले बोलले ते." मी म्हणते, तू तुझं मान. मला वाटतं तुम्ही भ्यालात. त्यानंतर तुम्ही फारसं बोललाच नाहीत, आणि मग गेलात. विचारायची सोय ठेवली नाही. हेही तुमचंच, दुसऱ्या बसनं जाणं.

तर काल. चहा झाला. शेवंताबाईनं कपबशी हातात घेतली आणि प्याली, हे तुम्हाला सांगते. तिच्या सासूनं घेतली नसती.

मी तिला सगळं सांगितलं. अमावास्येची सुई खोटी आहे. रोज गोळी, एकही दिवस न चुकवता. मनानं बंद करायची नाही. झटका थांबत नसेल तर गाडी करून दवाखाना, सुई तिथं, आणि कोणी घाईनं टोचायला लागला तर हात धरायचा. रेखा ऐकत होती, पदरातून एक डोळा बाहेर. शेवंताबाई मात्र माझ्याकडे असं बघत होती, जसं शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पोरं बघतात.

"तू म्हणते ते खरं असन माय," ती म्हणाली. "पण डॉक्टरसाहेबाच्या सुईवर आमचा विश्वास होता. आन गोळ्या घरात दिसल्या तं हिच्या माहेरच्याचं नाव खराब, आमचं बी."

तेव्हा सुजी उठली. सूप बाजूला ठेवलं. येऊन शेवंताबाईसमोर उकिडवी बसली आणि उजवा पंजा तिच्या मांडीवर ठेवला.

"गोळी लपवता येते काकू," ती म्हणाली. "हे लपवून दाखवा."

रेखानं पदर मागे सारला आणि तो हात बघितला. मग हळूच हातात घेतला. मामी उठून आत गेली.

शेवंताबाईनं विचारलं, "डॉक्टरसाहेब जाता जाता काई बोलले काय वो?"

बघा, मामा. माझ्या पदवीचं तिला काही नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरचंही काही नव्हतं. तिला तुमचं हवं होतं. हा गाव मेल्यावरही तुमचंच ऐकणार, आणि मी इथं वर्षानुवर्षं ओरडून घसा कोरडा केला. खरं तर तिथंच मी हरले असं म्हणून उठणार होते.

"बोलले," मी म्हटलं. "म्हणाले, सुई हळू द्या. जळलं तं थांबा. आन गोळी सोडू नका."

पहिलं वाक्य तुमचं आहे. पुढची दोन तुमच्या तोंडी मी घातली. तक्रार असेल तर या.

"असं म्हणले?" शेवंताबाईनं कपाळाला हात लावला. "शेवटी बी लोकायचीच काळजी." आणि सुनेकडे वळून म्हणाली, "ऊठ वो. दुपारची बस हाय. डॉक्टरसाहेबानं सांगतलं तं गोळ्या आणा लागतील."

सुजी त्यांना घेऊन आदिलाबादला गेली. मी पेटी खुंटीवरून काढली. संध्याकाळी आणखी दोन घरची माणसं आली, त्यांनाही मी तेच सांगितलं, तुमचं नाव घेऊन. आज शाळेत जाताना हातपंपावर ऐकलं, एक बाई दुसरीला सांगत होती, "डॉक्टरसाहेबानं मरता मरता सांगतलं म्हणे, सुई हळू द्या." पुढच्या अमावास्येपर्यंत तामसीच्या बाजारात पोचेल. तुमचं नाव पुन्हा मोठं होतंय, आणि ते मी करतेय, माझ्या हातानं, दात आवळून.

माफ केलं नाही, मामा. कामाला लावलं.